परदेशातलं देशांतर्गत विमान

आजचा विषय कळल्यावर एका ओळखीच्या गृहस्थांनी आम्हाला पापडीच्या बाजारात गाठून विचारलं, "परदेशातला देशांतर्गत विमानप्रवास? त्यात व्याख्यान देण्यासारखं काय आहे? बसायचं आणि उतरायचं." खरं आहे त्यांचं. बसणं आणि उतरणं सोपंच असतं. अडचण येते ती त्या दोन्हींच्या आधी.

सुरुवातीलाच सांगतो, 'आम्ही' म्हणजे आम्ही दोघं नवरा-बायको. एक जण इथे उभा राहून बोलतोय, दुसरी पहिल्या रांगेत बसली आहे आणि चुकलं की हात वर करणार आहे. आम्ही काही विमान कंपनीतले नाही. मुलगी अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅले गावाजवळ. मुलगा आधी सौदीत दमामला होता, आता ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला. त्यामुळे आमचं म्हातारपण बरंचसं बॅगांचं वजन करण्यात चाललं आहे. या सभागृहातल्या निम्म्या लोकांचं तेच असणार. वसई-विरारमध्ये अशी वाडी सापडणं कठीण, जिथलं कोणी ना कोणी आखातात, कॅनडात किंवा ऑस्ट्रेलियात नाही.

आणि होतं काय बघा. मोठ्या विमानाची तयारी सगळेच करतात. व्हिसा, विमा, औषधं, बॅगेला बांधायची लाल रिबीन. घोडबंदरच्या ट्रॅफिकमुळे घरातून किती वाजता निघायचं यावर तीन दिवस चर्चा होते. पण मुंबईहून निघालेलं विमान मुलाच्या गावात उतरत नाही. ते नेवार्कला, टोरोंटोला, सिडनीला उतरतं. तिथून पुढे दीड-दोन तासांचं एक छोटं विमान असतं. त्याचं नाव निघालं की सगळे म्हणतात, "ते काय, लोकलच आहे." त्या लोकलने आमची पहिलीच फेरी कशी घालवली ते आधी सांगतो.

मुंबई ते अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं एक मोठं शहर, असं एक तिकीट. तिथून रॅलेपर्यंत दुसऱ्या कंपनीचं वेगळं तिकीट. असं केल्याने दोघांचे मिळून चौदा हजार रुपये वाचले, आणि त्याचा आम्हाला अभिमान होता. दोन विमानांमध्ये अडीच तासांचा वेळ होता. मोठं विमान चाळीस मिनिटं उशिरा टेकलं. इमिग्रेशनच्या रांगेत सव्वा तास गेला. मग पट्ट्यावरून चार बॅगा उतरवल्या, कस्टम्समधून बाहेर आलो, टर्मिनल बदललं. पुढच्या कंपनीच्या काउंटरवर पोचलो तेव्हा विमान निघून गेलं होतं. तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितलं की तुम्ही आलाच नाहीत अशी नोंद झाली आहे, तिकीट संपलं. आम्ही म्हटलं, अहो, आमचं मागचं विमान उशिरा आलं. त्या म्हणाल्या, ते विमान आमचं नाही. सकाळच्या विमानाची नवी तिकिटं काढली तेव्हा वाचलेल्या चौदा हजारांच्या जवळजवळ चौपट पैसे गेले. रात्र काउंटरसमोरच्या खुर्च्यांवर काढली, चार बॅगांना पाय लावून. मुलीने फोनवर रडू आवरलं. आम्ही मात्र नाही आवरलं.

आता शांत डोक्याने विचार केला तर त्या बाईंचं काही चुकलं नव्हतं. विरार लोकल रखडली म्हणून दादरला कोकणकन्या आपल्यासाठी थांबते का? नाही थांबत. विमानाचं तिकीट हा करार असतो. आमच्याकडे दोन करार होते, दोन वेगळ्या कंपन्यांशी, आणि पहिल्याचं काय झालं याच्याशी दुसरीला देणंघेणं नव्हतं.

म्हणून आजच्या विषयातला कळीचा प्रश्न आहे, तिकीट एक की दोन? मुंबई ते रॅले असं सगळं एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर असेल, तर पहिलं विमान उशिरा आल्यामुळे दुसरं चुकलं तरी तुम्हाला पुढच्या विमानात बसवून शेवटच्या गावी पोचवण्याची जबाबदारी कंपनीची. शिवाय एका तिकिटावर कंपनी दोन विमानांमध्ये त्या विमानतळासाठी ठरलेला किमान वेळ सोडते. तो वेळ तुमच्या गुडघ्यांना पुरेल की नाही, हा भाग वेगळा. तरी चुकलं तर निस्तरणार ती. तिकिटं दोन असतील तर निस्तरणार तुम्ही. आणि एक फसवी गोष्ट सांगतो. काही संकेतस्थळं दोन वेगळी तिकिटं एकाच पानावर, एकाच किमतीत दाखवतात. एकदाच पैसे भरले म्हणजे एकच तिकीट झालं, असं नाही. दोन पीएनआर आले असतील तर मुलाला फोन करून विचारा. चारदा विचारा, तो वैतागला तरी चालेल.

आता कोणी विचारेल, एकाच कंपनीने मुंबईहून थेट रॅलेपर्यंत का नेऊ नये? याचं उत्तर थोडं मागे जाऊन द्यावं लागेल.

७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागोला आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीचा करार झाला. दुसरं महायुद्ध अजून संपलं नव्हतं. त्या कराराच्या सातव्या कलमाप्रमाणे प्रत्येक देशाला आपल्या हद्दीतल्या दोन ठिकाणांमधली प्रवासी वाहतूक परक्या विमानांना नाकारण्याचा हक्क आहे. याला कॅबोटाज म्हणतात. हा शब्द मुळात जहाजांच्या धंद्यातला, किनाऱ्याकिनाऱ्याने एका बंदरातून दुसऱ्या बंदरात होणाऱ्या वाहतुकीचा. आपल्या बंदरांमधला माल आपल्याच गलबतांनी न्यावा, हा जुना हट्ट. तो विमानांनाही लागू झाला. बहुतेक देश हा हक्क वापरतात. म्हणजे भारतीय कंपनी तुम्हाला नेवार्कला सोडू शकते, पण नेवार्कहून रॅलेला जाणारे प्रवासी घेऊन ती स्वतःचं विमान उडवू शकत नाही. ती पुढचा तुकडा एखाद्या अमेरिकन कंपनीशी बोलणी करून आपल्या तिकिटात जोडते. म्हणून तिकिटावर क्रमांक एका कंपनीचा असतो आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की हे विमान अमुक कंपनी चालवते. ती बारीक ओळ चष्मा लावून वाचा. विमानतळावर जायचं ते विमान चालवणाऱ्या कंपनीच्या काउंटरवर.

युरोपीय संघाने ही भिंत आपल्यापुरती पाडली. १९९७ पासून संघातल्या एका देशाची कंपनी दुसऱ्या देशाच्या पोटातसुद्धा विमानं चालवू शकते. त्यामुळे आयर्लंडच्या कंपनीचं विमान तुम्हाला इटलीतल्या एका गावाहून इटलीतल्याच दुसऱ्या गावी नेतं आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही.

तसं पाहिलं तर 'देशांतर्गत' हा शब्द अंतरावर ठरत नाही, सरहद्दीवर ठरतो. १५ ऑक्टोबर १९३२ला जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन कराचीहून निघाले, अहमदाबादला थांबले आणि आपल्या जुहूच्या विमानतळावर उतरले. भारतीय विमान वाहतुकीची सुरुवात आपण त्या दिवसापासून मोजतो. ती सरळ सरळ देशांतर्गत फेरी होती. पंधरा वर्षांनी तोच कराची-मुंबई मार्ग परदेशी झाला. विमान बदललं नव्हतं, समुद्र बदलला नव्हता. असो.

आता बॅगांकडे येतो, कारण सगळ्यात जास्त घोटाळा तिथे होतो.

मुंबईला काउंटरवर बॅगेला चिठ्ठी लावतात, तिच्यावर शेवटच्या गावाचं नाव असतं. आपल्याला वाटतं, बॅग आता थेट रॅलेला भेटेल. अमेरिकेत असं होत नाही. ज्या पहिल्या विमानतळावर तुम्ही देशात शिरता, तिथेच इमिग्रेशन आणि तिथेच कस्टम्स. पट्ट्यावरून बॅग स्वतः उचलायची, कस्टम्समधून न्यायची आणि बाहेर आल्या आल्या पुढच्या विमानासाठी पुन्हा सोपवायची. एक तिकीट असेल तर ते ठिकाण सहसा दारातच असतं, बॅग ठेवायची आणि पुढे जायचं. दोन तिकिटं असतील तर बॅगा घेऊन दुसऱ्या कंपनीच्या काउंटरवर जायचं आणि पैसे भरायचे. या नियमाला काही ठिकाणी अपवाद होऊ लागले आहेत, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. पट्ट्याजवळ उभं राहून आपल्या चिठ्ठीबद्दल विचारून घ्या. कॅनडातही बहुतेक वेळा पहिल्याच विमानतळावर बॅग घ्यावी लागते.

पैशाचं म्हणाल तर अमेरिकेतल्या देशांतर्गत विमानात पहिल्या बॅगेलाच वेगळे पैसे पडतात, दुसरीला त्याहून जास्त. एका तिकिटावर मात्र पूर्ण प्रवासाला सामानाचा एकच नियम लागतो, म्हणजे मुंबईहून २३ किलोच्या दोन बॅगा मान्य असतील तर छोट्या विमानातही त्या मान्य. इथे जुन्या माहितीवर विसंबू नका. साउथवेस्ट कंपनीत दोन बॅगा फुकट, हे वाक्य आम्ही वसईतल्या किती लग्नांमध्ये ऐकलं असेल. मे २०२५ च्या अखेरीपासून ती सवलत सरसकट राहिलेली नाही. लग्नांमध्ये अजून चालू आहे.

याच्या उलट प्रकार अबुधाबीत. तिथे अमेरिकेने आपलं इमिग्रेशन आणि कस्टम्स आधीच मांडून ठेवलं आहे. मुंबई-अबुधाबी-अमेरिका असा प्रवास केला तर अमेरिकेची तपासणी अबुधाबीतच उरकते आणि अमेरिकेत तुम्ही देशांतर्गत प्रवाशासारखे उतरता. वयस्कर माणसांना हे बरं पडतं असं आमचं मत आहे. फक्त अबुधाबीत हातात तीन-चार तास हवेत, कारण इमिग्रेशनची रांग तिथे लागते.

युरोपात तिसरीच तऱ्हा. मुंबईहून फ्रँकफर्टला उतरून लिस्बनला जायचं, तर पासपोर्टची तपासणी फ्रँकफर्टला, कारण शेंगेन हद्दीत तुम्ही तिथे शिरलात. पण बॅग मिळते ती लिस्बनला. फ्रँकफर्टच्या पट्ट्यावर बॅगेची वाट बघत बसलात तर विमान जाईल आणि बॅग तुमच्याआधी पोर्तुगालला पोचेल.

ऑस्ट्रेलियात बॅगेबरोबर इमारतीचाही प्रश्न असतो. सिडनीला आंतरराष्ट्रीय टर्मिनल धावपट्टीच्या एका बाजूला आणि देशांतर्गत टर्मिनलं दुसऱ्या बाजूला. चालत जाता येत नाही, बसने किंवा ट्रेनने जावं लागतं. आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर सहारच्या टी-२ला उतरून सांताक्रूझच्या टी-१ला जाण्यासारखं. मेलबर्नला दोन्ही जवळजवळ आहेत. जपानमध्ये तर याहून वाढीव. नारिता विमानतळावर उतरलात आणि देशांतर्गत विमान हानेदाहून असेल, तर मध्ये अख्खं टोकियो ओलांडायचं. तिकिटावर दोन्हीकडे 'टोकियो' हेच नाव दिसतं. म्हणून शहराचं नाव नाही, विमानतळाचं नाव वाचायचं.

पहिल्या रांगेतून खूण होते आहे. हो, गोळ्यांचं राहिलं. दुसऱ्या फेरीला आम्ही शहाणे झालो होतो, एकच तिकीट काढलं होतं. बॅगा पुन्हा सोपवल्या, रॅलेला वेळेवर पोचलो, पण चारपैकी एक बॅग आली नाही. नेमकी तीच, जिच्यात रक्तदाबाच्या तीन महिन्यांच्या गोळ्या होत्या. हँडबॅगेत चकल्या होत्या आणि मोठ्या बॅगेत गोळ्या! बॅग तीन दिवसांनी आली. मधल्या काळात मुलीला डॉक्टरची वेळ घेऊन चिठ्ठी लिहून आणावी लागली, कारण तिथे दुकानात जाऊन गोळ्यांचं रिकामं पाकीट दाखवलं तर औषध मिळत नाही. तेव्हापासून सगळी औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी आमच्या खांद्यावरच्या पिशवीत असतात. चकल्या खाली गेल्या.

बॅग आली नाही तर विमानतळ सोडण्याआधी कंपनीच्या खिडकीवर लेखी तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक घ्या. इथेही एक तिकीट कामाला येतं. आंतरराष्ट्रीय प्रवासातल्या सामानाला १९९९चा माँट्रियल करार लागू होतो, भारत त्यात २००९ पासून आहे. संपूर्ण प्रवास एकाच कराराचा असेल तर शेवटचा देशांतर्गत तुकडाही त्याच करारात मोजला जातो. भरपाईची कमाल मर्यादा सध्या १,५१९ एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक, ही रक्कम ढोबळमानाने दोन हजार डॉलरच्या आसपास जाते. कमाल म्हणतोय, म्हणजे तेवढी मिळतेच असं नाही. बॅग फुटली असेल तर सात दिवसांत आणि उशिरा आली असेल तर मिळाल्यापासून एकवीस दिवसांत लेखी कळवावं लागतं.

आता खिशातल्या कागदांबद्दल. मुलं म्हणतात, "बाबा, इथल्या इथे तर जायचंय, पासपोर्ट घरी ठेवा, हरवेल." ऐकू नका. अमेरिकेत ७ मे २०२५ पासून देशांतर्गत विमानासाठी ओळखपत्राचे नियम कडक झाले. तिथल्या लोकांना रिअल आयडी प्रकारचं लायसन्स किंवा त्याच्या बदल्यात दुसरं मान्य ओळखपत्र लागतं. परदेशी पासपोर्ट त्यात चालतो. तोच तुमचा कागद, आणि मूळ, झेरॉक्स नाही. आधार कार्ड तिथे कोणी ओळखत नाही, हे सांगायला नको, पण आमच्यापैकी एकाने ते दाखवलं होतं. कोणी ते विचारू नका. सौदीत नोकरीला असलेल्यांना रियाध-जेद्दा-दमाम या फेऱ्यांना इकामा पुरतो. पण आपण भेटीला गेलो तर आपल्याकडे इकामा नसतो, पासपोर्टच लागतो. ऑस्ट्रेलियात देशांतर्गत विमानाला बहुतेक वेळा ओळखपत्र कोणी बघतच नाही, आणि पोचवायला आलेला मुलगा सिक्युरिटीतून जाऊन थेट गेटपर्यंत येऊ शकतो. पहिल्या वेळी आम्हाला ते एसटी स्टँडसारखं वाटलं, बरंही वाटलं.

पातळ पदार्थांचंही तसंच. अमेरिकेत देशांतर्गत विमानालाही हँडबॅगेत १०० मिलीच्या आतल्याच बाटल्या. लोणचंही त्यात धरतात. आणि लक्षात ठेवा, कस्टम्समधून बाहेर आल्यावर तुम्ही नव्याने सिक्युरिटीतून जाता. म्हणून मुंबईच्या ड्यूटी फ्रीमधून घेतलेली बाटली, मग ती कसलीही असो, बॅगा पुन्हा सोपवण्याआधी मोठ्या बॅगेत टाका. ऑस्ट्रेलियात आणि जपानमध्ये देशांतर्गत विमानाला हे १०० मिलीचं बंधन नाही.

एवढ्यावरून कळलं असेल की 'देशांतर्गत' या शब्दाचा अर्थ प्रत्येक देशात वेगळा. काही ठिकाणी तर तो फसवाच. मलेशियात क्वालालंपूरहून कोटा किनाबालूला जाणारं विमान देशांतर्गत, पण साबा आणि सारावाक या राज्यांचं स्वतःचं इमिग्रेशन आहे, उतरल्यावर पासपोर्ट दाखवून शिक्का घ्यावा लागतो. हसू नका, आपल्याकडेही मिझोरमला जायचं तर आपल्यालाच इनर लाइन परमिट लागतं. लंडनहून बेलफास्ट देशांतर्गत आहे, पण लंडनहून डब्लिन हा दुसरा देश. विमान तेवढंच, तास तेवढाच, तरी आयर्लंडच्या व्हिसाचा प्रश्न आधी सोडवावा लागतो. एका योजनेत दोन्ही देशांना चालणारा शिक्का काही भारतीयांच्या व्हिसावर असतो, तो आहे का ते तपासायचं. नेपाळमध्ये तर काठमांडू-पोखरा विमानाला नेपाळी माणसाला एक भाडं, इतर परदेशी माणसाला डॉलरमध्ये दुसरं आणि आपल्या भारतीयांना तिसरं. तिकीट काढताना राष्ट्रीयत्व बरोबर भरलं नाही तर काउंटरवर फरकाचे पैसे मागतात.

वेळेचा गोंधळ आपल्याला विशेष होतो, कारण आपल्या अख्ख्या देशाचं घड्याळ एक. द्वारका ते दिब्रुगड एकच वेळ. तिकडे तसं नाही. तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या गावाची आणि पोचण्याची वेळ पोचण्याच्या गावाची. ऑस्ट्रेलियाच्या उन्हाळ्यात सिडनीचं घड्याळ एक तास पुढे करतात, ब्रिस्बेनचं करत नाहीत. म्हणून सिडनीहून दहाला निघालेलं दीड तासाचं विमान ब्रिस्बेनला साडेदहाला पोचतं. परत येताना तेच विमान अडीच तास घेतल्यासारखं दिसतं. तारखेचंही बघा. अमेरिकन संकेतस्थळावर ०५/०६ म्हणजे ६ मे, ५ जून नव्हे. आणि रात्री बारा वाजून दहा मिनिटांचं विमान असेल तर त्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी घर सोडायचं असतं. आमच्या ओळखीत दोन कुटुंबं यात चोवीस तास उशिरा पोचली आहेत. चूक तिकिटात कळली आणि लगेच कळली, तर अमेरिकेच्या नियमाप्रमाणे विमानाला सात दिवस किंवा जास्त अवकाश असताना थेट कंपनीकडून काढलेलं तिकीट चोवीस तासांत दंडाशिवाय रद्द करता येतं. काही कंपन्या त्याऐवजी पैसे न घेता चोवीस तास तिकीट राखून ठेवतात.

विमान रद्द झालं तर काय, हा प्रश्न आधीच चिठ्ठीवर आला आहे. युरोपीय संघात म्युनिक-हॅम्बुर्गसारख्या देशांतर्गत विमानालाही २६१/२००४ हा नियम लागतो, आणि तो प्रवाशाचा पासपोर्ट बघत नाही. ऐनवेळी रद्द झालं किंवा पोचायला तीन तास किंवा जास्त उशीर झाला, तर दीड हजार किलोमीटरपर्यंत २५० युरो. मात्र कारण कंपनीच्या हातातलं हवं, वादळ असेल तर नाही. अमेरिकेत उशिरासाठी अशी रोख भरपाई कायद्याने ठरलेली नाही. तिथे देशांतर्गत विमान रद्द झालं किंवा तीन तास वा जास्त सरकलं आणि तुम्ही जायचं नाकारलंत, तर पैसे परत मिळतात, कूपन घ्यायची सक्ती नाही. काउंटरवर कूपन पुढे केलं की आपण भिडेखातर घेतो. घेऊ नका.

आता हात वर झालेले दिसताहेत. आजी, तुम्ही विचारा. सुकेळी? हो, आगाशीच्या सुकेळ्या नेता येतील का, असं विचारताहेत आजी. आजी, खायची कुठलीही वस्तू असली की देशात शिरताना फॉर्मवर 'आहे' म्हणून सांगायचं, मग ठेवायची की नाही ते अधिकारी ठरवतो. सांगितलंत आणि काढून घेतली तर फक्त वस्तू जाते. न सांगता सापडली तर न्यूझीलंडमध्ये जागच्या जागी ४०० डॉलर दंड होतो, ऑस्ट्रेलियाही तितकाच कडक. आणि केळेवाल्यांच्या गावात हे सांगायलाच हवं, ऑस्ट्रेलियात एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाताना, म्हणजे देशांतर्गत विमानानेसुद्धा, ताजी फळं नेण्यावर बंधनं आहेत. पर्थला किंवा टास्मानियाला उतरलं की फळं टाकायची पेटी असते. मुलाने दिलेलं ब्रिस्बेनचं केळं आम्ही पर्थच्या पेटीसमोर उभं राहून दोघांनी खाऊन संपवलं होतं.

व्हीलचेअर? ती दोन्ही विमानांसाठी मागावी लागते. तिकिटं दोन असतील तर दोन्ही कंपन्यांना वेगवेगळं कळवायचं. एकीला सांगितलेलं दुसरीला कळत नाही. व्हीलचेअर असली की इमिग्रेशन, बॅग, पुढचं टर्मिनल, सगळीकडे बरोबर माणूस असतो, ज्यांना इंग्रजीची भीती वाटते त्यांचाही प्रश्न सुटतो. चालता येत असताना ती मागणं बरोबर की नाही, यावर आम्हा दोघांत मतभेद आहेत, ते घरी मिटवू.

हं, तुम्ही मागचे. छान विचारलंत. परत येताना मुलगा म्हणाला, 'कशाला छोटं विमान, मी तुम्हाला गाडीने थेट मोठ्या विमानतळावर सोडतो, वाटेत फिरणंही होईल,' तर काय करायचं? मंडळी, हे फार लोकांच्या बाबतीत घडतं आणि प्रेमापोटी घडतं. एका तिकिटावरचे तुकडे क्रमानेच वापरावे लागतात. पहिला तुकडा न वापरता सोडला, म्हणजे रॅलेच्या विमानात तुम्ही बसलाच नाहीत, की कंपनीच्या संगणकात पुढचे सगळे तुकडे रद्द होतात, मुंबईचं मोठं विमानसुद्धा. तुम्ही सहा-आठ तास गाडीतून प्रवास करून विमानतळावर पोचता आणि तिथे तुमच्या नावाची जागाच नसते. उलट्या बाजूचंही हेच. येतानाचा शेवटचा छोटा तुकडा सोडून दिला तर परतीचं तिकीट जाऊ शकतं.

जायचंच असेल गाडीने, तर निघण्याआधी काही दिवस कंपनीला किंवा तिकीट काढून देणाऱ्याला फोन करून पहिला तुकडा रीतसर काढून टाकायला सांगायचं. त्याचे पैसे पडू शकतात, कधी भाड्यातला फरकही मागतात. मग नवं तिकीट ईमेलने येतं, त्यावर प्रवास मोठ्या विमानतळापासून सुरू झालेला दिसला पाहिजे. फोनवर 'हो, केलं' म्हणाले तेवढ्यावर राहायचं नाही. आणि, थांबा, पहिल्या रांगेतून पुन्हा हात वर आहे. हो, व्हीलचेअर. तिकीट बदललं की आधी सांगितलेली व्हीलचेअर कधीकधी नोंदीतून पडते. तीही त्याच फोनवर पुन्हा सांगायची.